दिव्यावरचे किडे आणि रांजणातल्या अळ्या

पावसाळ्यात लिंबोटी धरणाच्या परिसरात आणि लोहा शहरातही संध्याकाळी दिव्याभोवती बारीक किडे जमतात. ‘डास फार वाढले’ म्हणत धूर केला जातो, फवारणीची मागणी होते. प्रत्यक्षात त्यांतले बरेच किडे चावतही नाहीत. डेंग्यू पसरवणारा डास मात्र घरातल्याच पाण्यात वाढत असतो.

पाण्यातून निघणारा असाच एक निरुपद्रवी किडा म्हणजे मेफ्लाय. बसल्यावर तिचे पंख फुलपाखरासारखे पाठीवर उभे राहतात आणि शेपटीला केसासारखे दोन-तीन लांब तंतू असतात. पाण्यात ती काही आठवडे ते महिने वाढते. पंख फुटल्यावर मात्र जेमतेम काही तास ते एक-दोन दिवस जगते. तिचे तोंड निकामी असल्याने ती खात नाही, चावत नाही. काश्मीर-हिमाचलच्या थंड नद्यांतला ट्राउट मासा अशा किड्यांवर पोसतो. त्यामुळे गळाला बनावट माशी बांधून ट्राउट धरणारे लोक पाण्यावर कोणती मेफ्लाय निघाली, हे आकार, पंख आणि शेपटीवरून आधी ओळखतात.

आपल्याकडे ट्राउट नाही. पण किडा नीट पाहण्याची ही सवय आरोग्याच्याही कामाची आहे. 1897 मध्ये निजामाच्या राज्यातील सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना हिवतापाचे परजीवी डासाच्या पोटात सापडले, ते पंखांवर ठिपके असलेला डास तपासल्यावर. त्याआधी दुसऱ्याच जातीचे डास तपासण्यात त्यांचा बराच काळ गेला होता.

दिव्यावर येणारा कायरोनोमिड हुबेहूब डासासारखा दिसतो, पण त्याला टोचणारी सोंड नसते. बसताना तो पुढचे पाय उचलतो, तर डास मागचे. टाकीच्या गाळात दिसणाऱ्या तांबड्या अळ्या बहुधा त्याच्याच असतात. त्या रोग पसरवत नाहीत. टाकी धुवायला झाली, एवढेच सांगतात. मात्र अशा किड्यांचे थवे फार वाढले, तर त्यांच्या कणांमुळे काहींना शिंका किंवा दम्याचा त्रास होऊ शकतो.

खरी तपासणी रांजण, बॅरल, हौद आणि कूलरची करावी. पाण्याच्या पृष्ठभागाला डोके खाली करून लोंबकळणारी, हात लावताच वळवळत खाली जाणारी अळी एडीस किंवा क्युलेक्स डासाची. पृष्ठभागाला समांतर, आडवी राहणारी अळी हिवताप पसरवणाऱ्या अ‍ॅनोफिलीसची. सहा पाय आणि शेपटीला तंतू असलेली मेफ्लायची अळी असेल, तर घाबरण्याचे कारण नाही.

नळाला रोज पाणी येत नाही, तिथे पाणी साठवावेच लागते. पण अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा. नुसते पाणी ओतून देऊ नये. एडीसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी असतानाही महिनोन्‌महिने टिकतात. त्यामुळे आतून घासणे महत्त्वाचे. रिकामा करता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडावेत, झाकण घट्ट ठेवावे.

ताप आल्यास रक्त तपासून घ्यावे. डेंग्यूची शंका असताना अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या किंवा रक्तस्राव असल्यास ताप उतरला तरी लगेच रुग्णालय गाठावे.