ट्रॅक्टरचा इनटेक मॅनिफोल्ड : परत बसविण्यापूर्वीची स्वच्छता व तयारी

ऐन हंगामात ट्रॅक्टर बंद पडला म्हणजे होणारे नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चापुरते नसते. हातचा वाफसा निघून जातो, आणि तो पैसे देऊन परत मिळत नाही. इंजिन निकामी होण्याची कारणे पुष्कळ आहेत. त्यांपैकी एक कारण मात्र असे आहे की, ते दुरुस्तीच्याच वेळी, दुरुस्ती करणाऱ्याच्या हातून, नकळत इंजिनात शिरते. हवा आत नेणारा मॅनिफोल्ड उतरवून पुन्हा बसविताना मागे राहिलेला कचरा आणि सदोष जुळणी, हे ते कारण होय. हे काम कठीण नाही. परंतु त्यात एक ठरावीक क्रम आहे, व तो पाळणे अगत्याचे आहे.

मॅनिफोल्डचे कार्य

एअर क्लीनरमधून गाळून आलेली हवा फाटे असलेल्या ज्या नळावाटे प्रत्येक सिलिंडरपर्यंत पोहोचते, त्यास इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. पाटाचे पाणी दंडावाटे निरनिराळ्या वाफ्यांत जावे, तशीच ही योजना आहे. एक लिटर डिझेल जळण्यास कमीत कमी सुमारे १०,००० लिटर हवा लागते. डिझेल इंजिन प्रत्यक्षात त्याहूनही अधिक हवा ओढून घेते. उन्हाळ्यात रोटाव्हेटर चालत असताना किंवा मळणीच्या वेळी ट्रॅक्टरभोवती धुळीचा लोट उठतो. त्याच लोटातून ही हवा घेतली जाते, हे ध्यानात ठेवावे.

एअर क्लीनर या हवेतील धूळ अडवितो. परंतु त्याच्या पुढे दुसरी चाळणी नाही. मॅनिफोल्डमध्ये जे असेल ते सरळ सिलिंडरमध्ये जाणार. मातीतील वाळूचा कण बिडाच्या लायनरपेक्षा कठीण असतो, आणि घासकागदावरील कण तर वाळूहूनही कठीण. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढा कणही पिस्टनच्या रिंगा व लायनर यांमध्ये सापडला, तर दोहोंची झीज करतो. असे कण तेलात मिसळले म्हणजे व्हॉल्व्ह घासण्याच्या पेस्टसारखे मिश्रण तयार होते, व मग बेअरिंगेही सुटत नाहीत.

एक अनुभव

या बाबतीत प्रस्तुत लेखकाने स्वतःच केलेली चूक येथे नमूद करणे योग्य ठरेल. २०१६ सालच्या वैशाखात घरच्या ट्रॅक्टरच्या मॅनिफोल्डचे गॅस्केट फुटले होते. कृषी पदवी नुकतीच हाती आली होती, त्यामुळे हे काम आपणच करावे असे वाटले. मॅनिफोल्ड उतरविला, डिझेलने स्वच्छ धुतला. पण सिलिंडर हेडला चिकटून राहिलेले जुने गॅस्केट घासकागदाने घासून काढताना हेडवरील हवेची भोके तशीच उघडी ठेवली. वर तोंडाने फुंकर मारून पृष्ठभाग साफ केला. बाहेरून काम आरशासारखे दिसत होते.

पावसाळा सुरू झाला तसे इंजिन तेल पिऊ लागले. भाद्रपदापर्यंत ब्रीदरमधून धूर येऊ लागला, आणि सकाळी इंजिन सुरू करणे दुरापास्त झाले. हस्ताचा चांगला पाऊस झाला, रब्बी ज्वारीचा वाफसा आला, आणि त्याच आठवड्यात ट्रॅक्टर उभा राहिला. इंजिन उघडले तेव्हा तिन्ही लायनरांवर उभे ओरखडे होते. लायनर, पिस्टन, रिंगा सर्व बदलावे लागले. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मिळेपर्यंत जमिनीची वरची ओल उडून गेली होती, व निम्म्या रानात पेर विरळ उगवली. वडील रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "शिकलास खरा, पण भोकात फडकं कोंबायचं राहिलं बघ."

पुढील सर्व सूचनांचे सार त्या एका वाक्यात आहे.

उतरविण्यापूर्वी

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून हँडब्रेक लावावा व बॅटरीची ऋण तार काढावी. काम वाऱ्यात किंवा खळ्याच्या कडेला करू नये.

प्रथम मॅनिफोल्डच्या भोवतालचा चिखल व तेलकट धूळ ब्रशने आणि ओल्या फडक्याने काढून टाकावी. एकही नट सैल करण्याआधी ही बाह्य स्वच्छता झालीच पाहिजे. नट सैल झाल्यावर सांध्यावरील माती आतच पडते.

बोल्टांची लांबी पुष्कळदा वेगवेगळी असते. एका पुठ्ठ्यावर मॅनिफोल्डची आकृती काढून, जो बोल्ट जेथून निघाला तेथेच पुठ्ठ्यात खोचून ठेवावा. त्याच्या वायसरही बरोबर ठेवाव्यात. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर मॅनिफोल्ड आवळल्यासारखा वाटतो, पण प्रत्यक्षात सैल राहतो.

मॅनिफोल्ड निघताच, दुसरे कोणतेही काम करण्याआधी, हेडवरील प्रत्येक भोकात स्वच्छ व धागे न सुटणारे फडके बसवावे. फडके भोकात नाहीसे होईल इतके लहान असू नये; त्याचे टोक बाहेर दिसले पाहिजे. किती फडकी घातली तो आकडा खडूने मडगार्डवर लिहून ठेवावा. विसरून आत राहिलेले फडके धुळीइतकेच घातक असते.

धुण्यापूर्वी पाहावे

उतरविलेला मॅनिफोल्ड लगेच धुऊन टाकू नये. त्याच्या आत काय साचले आहे ते आधी नीट पाहावे, कारण दोष कोठे आहे हे त्यावरूनच कळते.

आत कोरडी, बारीक माती आढळली तर धूळ एअर क्लीनर चुकवून येत आहे असे समजावे. बहुधा रबरी नळीला चीर पडलेली असते किंवा तिची क्लिप सैल असते. नळीच्या आतील बाजूस चिरेपासून पुढे धुळीची फिकट रेघ उठलेली दिसते. आत ओले तेल असेल तर ऑइल बाथच्या भांड्यात खुणेपेक्षा जास्त तेल भरले आहे काय, आणि ब्रीदरचे तेल हवेच्या मार्गात येत आहे काय, ते पाहावे. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात त्याचे सील गेले असण्याचाही संभव असतो. जाड, चिकट काजळी असेल तर जळालेला वायू पुन्हा आत घेण्याची योजना त्या इंजिनात आहे काय, हे पाहावे. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांसाठी १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक मानक लागू झाले आहे, व त्या श्रेणीतील काही इंजिनांत ही योजना असते.

बरेच दिवस उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या हवेच्या मार्गात कुंभारीण माशीचे मातीचे घर किंवा उंदराने नेलेला चारा सापडतो. म्हणून प्रत्येक फाट्यात विजेरीचा प्रकाश टाकून आरपार पाहावे.

मॅनिफोल्डची स्वच्छता

मॅनिफोल्ड ट्रॅक्टरपासून दूर नेऊन साफ करावा. त्यावर विद्युत सेन्सर किंवा थंडीत इंजिन तापविणारा हीटर असेल तर तो आधी काढून ठेवावा. सेन्सर डिझेलमध्ये बुडवू नये.

चिकट काजळी व तेल सुटण्यासाठी मॅनिफोल्ड काही तास डिझेलमध्ये भिजत ठेवावा. पेट्रोलचा वापर कधीही करू नये. त्याची वाफ दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. बिडाच्या मॅनिफोल्डला आतून तारेचा ब्रश चालतो. ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डला मात्र नायलॉनचा किंवा पितळी तारांचा मऊ ब्रशच वापरावा. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो, म्हणून त्याच्या पाण्यात असा मॅनिफोल्ड मुळीच टाकू नये. त्यानंतर धुण्याची पावडर घातलेल्या गरम पाण्याने व शेवटी साध्या स्वच्छ पाण्याने, निघणारे पाणी नितळ दिसेपर्यंत धुवावे. कॉम्प्रेसरच्या हवेने सर्व फाटे फुंकून उन्हात पूर्ण वाळवावे. फुंकताना डोळ्यांवर चष्मा असावा.

मॅनिफोल्ड पूर्ण वाळला पाहिजे, यास एक महत्त्वाचे कारण आहे. आत डिझेल साचून राहिले तर इंजिन सुरू होताच ते ओढले जाते. पंपाचा त्यावर ताबा नसल्याने इंजिन बेफाम वेगाने सुटते. पाणी साचले असेल तर ते पिस्टनवर दाबले जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो.

सांध्याचे पृष्ठभाग

जुने गॅस्केट तेलाने ओले करून मऊ होऊ द्यावे व बोथट, सपाट पट्टीने हळूहळू खरवडावे. जुन्या इंजिनांच्या कित्येक गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस असे, व त्याची धूळ फुप्फुसांस अपायकारक आहे. म्हणून कोरडे खरवडणे व फुंकणे टाळावे. सिलिंडर हेडच्या बाजूस घासकागद, ग्राइंडर किंवा तारेचा फिरता ब्रश वापरू नये. भोकांत फडकी असली तरी त्यांवर साचलेली भुकटी फडके काढताना आत सांडू शकते. फडके काढण्याआधी भोवतालचा पृष्ठभाग तेलाचा हात दिलेल्या फडक्याने पुसून घ्यावा.

मॅनिफोल्डच्या तोंडांवर सरळ पोलादी पट्टी लांबीत व तिरपी ठेवून खाली फट राहते काय ते फीलर गेजने पाहावे. साधारणपणे ०.१ मि. मी. जाडीचे पाते खालून जाऊ लागले तर पृष्ठभाग वाकला आहे असे समजावे. नक्की मर्यादा ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत पाहावी. वाकलेला मॅनिफोल्ड कार्यशाळेतून सपाट करून घ्यावा. बोल्ट अधिक आवळून तो सरळ होत नाही, फुटतो. ओतकामातील बारीक चिरा व स्टडचे आटेही याच वेळी तपासावेत.

बसविणे

गॅस्केट नवे व त्याच इंजिनाचे असावे. पुठ्ठ्याचे किंवा ट्यूबच्या तुकड्याचे गॅस्केट कापून काम भागवू नये. ते बसविण्याआधी हेडवर धरून पाहावे. त्याची कड हवेच्या भोकावर येता कामा नये. माहितीपुस्तिकेत सांगितले नसेल तर शेलॅक किंवा सिलिकॉन लावू नये. जास्त लावलेला थर आत सरकून वाळतो व त्याचे तुकडे सुटून व्हॉल्व्हपर्यंत जातात.

आता फडकी एकेक करून काढावीत, मोजावीत, आणि मडगार्डवरील आकड्याशी ताळा जमल्यावरच मॅनिफोल्ड चढवावा. सर्व नट प्रथम हाताने लावावेत. नंतर मधल्या नटापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जात, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. टॉर्क रेंच उपलब्ध असेल तर पुस्तिकेतील मापाने आवळणे उत्तम. पान्याला पाइप जोडून ताकद लावू नये. रबरी नळी कडक झाली असेल किंवा चिरली असेल तर ती बदलावी, आणि एअर क्लीनरही त्याच दिवशी साफ करावा.

पडताळा

सर्व जोडण्या तपासल्यावर बॅटरीची तार लावून इंजिन सुरू करावे. प्रथमच सुरू करताना एक सपाट फळी हाताशी ठेवावी. इंजिन बेफाम सुटलेच तर हवेचे तोंड तिने दाबून बंद करता येते. टर्बोचार्जर नसलेल्या साध्या इंजिनात याच फळीने सांध्यांची परीक्षाही होते. इंजिन मंद गतीवर चालू असताना एअर क्लीनरचे हवा घेण्याचे तोंड फळीने पूर्ण झाकावे. इंजिन काही क्षणांतच बंद पडले पाहिजे. ते चालूच राहिले तर हवा दुसरीकडून शिरत आहे, व त्या हवेबरोबर धूळही शिरणार हे निश्चित. लगेच इंजिन बंद करून नळीच्या क्लिपा व गॅस्केट पुन्हा पाहावे. ही परीक्षा हाताच्या तळव्याने करू नये, व टर्बोचार्जर असलेल्या इंजिनावर मुळीच करू नये. तेथे हे काम जाणत्या मिस्त्रीकडे द्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस विनंती

हंगामापूर्वीच्या शिबिरांत ट्रॅक्टरच्या देखभालीचा विषय घेताना तेल व पाणी यांबरोबर हवेच्या मार्गाचाही समावेश करावा. एखाद्या शेतकऱ्याचा उतरविलेला मॅनिफोल्ड मिळाल्यास त्यातील धुळीची रेघ सर्वांना प्रत्यक्ष दाखवावी. तासाभराच्या व्याख्यानाहून तिचा परिणाम अधिक होतो. गावातील मिस्त्रींनाही आवर्जून बोलवावे. मिस्त्री काम करीत असताना शेतकरी जवळ उभा असतोच. हेडची भोके बंद आहेत की नाहीत, एवढे त्याने पाहिले आणि नसल्यास नम्रपणे सांगितले, तरी एक इंजिन वाचेल व कोणाचा तरी वाफसा साधेल.