फळीवरची कॅप्सूल

बाबांना ताप आला तेव्हा डॉक्टरांनी टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दिल्या. बरं वाटल्यावर बाबांनी चार तशाच फळीवर ठेवल्या. परवा आमच्या सहा वर्षांच्या चिमीला सर्दी झाली. आजी म्हणाली, "त्यातली एक दे की तिला." मीच डब्यावर चढून काढली. तेवढ्यात नर्सबाई आल्या नि माझ्या हातातून घेतली.

त्यांनी सांगितले, हे औषध पुष्कळ जातीच्या जंतूंवर चालते. कॉलऱ्यातही देतात. पण सर्दी विषाणूंची, तिथे ते काहीच करत नाही. आठ वर्षांखालच्या मुलांना दिले तर पक्के दात पिवळे येतात, कितीही घासा, जात नाहीत! पोटुशा बायकांनाही देत नाहीत. दुधाबरोबर घेतले तर दुधातले कॅल्शियम त्याला धरून ठेवते, मग ते अंगी लागत नाही.

या जातीचे पहिले औषध १९४८ साली आले. ते मातीतल्या जंतूपासून मिळाले. अमेरिकेतल्या त्या संशोधनाचे प्रमुख आपल्या आंध्रातले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. मला तर मातीचंच नवल वाटलं.

चिमीचे पुढचे दोन दात आत्ताच पडलेत. सर्दी आपोआप गेली. "डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस का नाही घेतल्या?" असे नर्सबाईंनी विचारले तेव्हा बाबा ओशाळले.