कॉलीचे डोके, ग्रेहाउंडचे पाय आणि दख्खनचा माळ

कॉली आणि ग्रेहाउंड यांच्या संकरातून झालेल्या कुत्र्याला इंग्लंडमध्ये लर्चर म्हणतात. लर्चर ही जात नाही. केनेल क्लबच्या नोंदवहीत तिला जागा नाही आणि रंग, उंची, केस यांचे ठरलेले मानकही नाही. आईबापांपैकी एक जण वासाऐवजी नजरेने सावज हेरून त्याला धावत गाठणारा असावा आणि दुसरा कामाचा, हुकूम पाळणारा असावा, एवढीच अपेक्षा. ग्रेहाउंड वेगात अजोड असतो, पण सावजामागे सुटला की हाकेला ओ देत नाही, लवकर दमतो, आणि त्याची पातळ कातडी काट्याकुट्यात फाटते. कॉली दिवसभर चालतो, मालकाची शीळ दुरून ऐकतो आणि मेंढी कुठे वळेल ते आधी ताडतो. या दोघांची बेरीज करून शिजवायला ससा आणणारा कुत्रा मिळावा, हा तिथल्या शेतकऱ्यांचा, भटक्यांचा आणि चोरट्या शिकाऱ्यांचा जुना हिशेब.

ग्रेहाउंडच्या शरीरात जवळजवळ प्रत्येक गोष्ट पळण्यासाठी घडलेली आहे. भरधाव पळताना त्याचे चारही पाय एका ढांगेत दोनदा जमिनीवरून सुटतात: एकदा अंग आखडलेले असताना आणि एकदा पूर्ण ताणलेले असताना. घोड्याला हे एकदाच जमते. लवचीक कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो, त्यामुळे हा कुत्रा ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो. शरीराच्या मानाने त्याचे हृदय इतर कुत्र्यांपेक्षा मोठे असते. रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाणही जास्त असते. इतर कुत्र्यांत ते साधारण ३७ ते ५५ टक्के, तर ग्रेहाउंडमध्ये ५० ते ६० टक्के किंवा त्याहून अधिक. स्नायूंमध्ये झटकन आकसणाऱ्या तंतूंचा भरणा असतो. हे तंतू ताकद देतात आणि तितक्याच लवकर थकतात. म्हणूनच ग्रेहाउंडची धाव मिनिटा-दीड मिनिटाची असते, आणि ती संपते तेव्हा त्याच्या अंगाचे तापमान ४१ अंशांच्या वर गेलेले असते.

त्याची नजरही वेगळी आहे. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवून दिले की लांब नाकाच्या कुत्र्यांच्या दृष्टिपटलात चेतापेशी आडव्या पट्ट्यात दाटलेल्या असतात, तर चपट्या नाकाच्या कुत्र्यांत त्या मध्यभागी एका ठिकाणी गोळा झालेल्या असतात. आडव्या पट्ट्यामुळे क्षितिजावरची बारीकशी हालचालही पकडता येते. उघड्या माळावर पळणारा ससा हेरायला अशीच नजर लागते.

कॉलीचे वेगळेपण शरीरापेक्षा वागण्यात आहे. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांनी कुत्र्यांच्या वागण्याची मांडणी लांडग्याच्या शिकारीच्या टप्प्यांवरून केली: सावजाकडे वळणे, रोखून पाहणे, दबकत जवळ जाणे, पाठलाग, पकड, मारणे, खाणे. माणसाने निवडीने यातले काही टप्पे फुगवले आणि काही दाबले. बॉर्डर कॉलीत रोखून पाहणे, दबकणे आणि पाठलाग इतके तीव्र झाले की नुसत्या नजरेने तो मेंढ्या वळवतो, पण चावा घेण्याची ऊर्मी बरीच दबलेली असते. ग्रेहाउंडमध्ये पाठलाग आणि पकड टोकाला गेलेली. कळप राखणाऱ्या कुत्र्यांमध्ये ही सगळी साखळीच मंद असते. पुणे, सातारा, सोलापूरच्या माळांवर धनगरांच्या वाड्याभोवती रात्र जागवणारा कुत्रा याच तिसऱ्या प्रकारातला. तो मेंढ्या हाकत नाही, लांडगा आला की भुंकून अंगावर जातो. त्यामुळे ‘मेंढपाळाचा कुत्रा’ एवढ्या वर्णनावरून संकरासाठी जोडीदार निवडला तर हाती भलताच प्राणी येतो.

संकरात आईबापांचे गुण अर्धे-अर्धे वाटले जातात, हा समज अर्धाच खरा आहे. शुद्ध कॉली आणि शुद्ध ग्रेहाउंड यांच्या पहिल्या पिढीतली पिल्ले बऱ्यापैकी एकसारखी निघतात, कारण प्रत्येकाला दोन्हीकडून एकेक जनुकसंच मिळालेला असतो. याच पिल्लांचा आपसात संयोग केला की दुसऱ्या पिढीत सगळे पत्ते पुन्हा पिसले जातात. एकाच वेतात कॉलीसारखे जड, ग्रेहाउंडसारखे काटकुळे आणि ग्रेहाउंडची बुद्धी व कॉलीचा वेग घेऊन आलेलेही पिल्लू सापडते. जाणते पैदासकार म्हणूनच एक तर पहिल्या पिढीवर थांबतात किंवा ती पुन्हा ग्रेहाउंडला देऊन पाऊण ग्रेहाउंड तयार करतात. वेग हवा असेल तर पाऊण, ऐकणारा कुत्रा हवा असेल तर निम्मा, असा त्यांचा ढोबळ नियम आहे.

केसांचे गणित यापेक्षा सोपे आहे. कुत्र्याच्या केसांतला बहुतेक फरक तीन जनुकांतून येतो, हे २००९ मध्ये सिद्ध झाले. लांब केस हा अप्रभावी गुण आहे, म्हणून ‘लॅसी’ या नावाने आपल्याकडे ओळखला जाणारा रफ कॉली आणि ग्रेहाउंड यांची पहिली पिढी आखूड केसांची होते. दाढी-मिशांचा झुबका मात्र प्रभावी. दाढीवाला बिअर्डेड कॉली वापरला तर तो झुबका पहिल्याच पिढीत दिसतो.

चांगल्याची चांगल्याशी गाठ घातली की आणखी चांगले निपजते, हाही समज धोक्याचा आहे. ग्रेहाउंडचा छोटा भाऊबंद व्हिपेट याच्यात स्नायूंच्या वाढीवर लगाम ठेवणाऱ्या मायोस्टॅटिन जनुकातला एक बिघाड २००७ मध्ये सापडला. बिघडलेली एक प्रत असली तर कुत्रा शर्यतीत सरस ठरतो. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तर तो पैलवानासारखा फुगतो आणि शर्यतीच्या कामाचा राहत नाही. दोन विजेत्यांच्या पोटी असे पिल्लू येऊ शकते.

वागणुकीचा अंदाज बांधणे याहूनही अवघड. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांची उत्तरे आणि दोन हजारांवर कुत्र्यांचे जनुक तपासले गेले. एखाद्या कुत्र्याच्या वागण्यातला जेमतेम ९ टक्के फरक त्याच्या जातीवरून सांगता येतो, असे त्यातून निघाले. माणसाचे ऐकण्याची वृत्ती हा जातीशी त्यातल्या त्यात जास्त जोडलेला गुण ठरला. म्हणजे कॉलीचे रक्त मिसळण्यामागचा जुना अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. तरी पिल्लाची निवड कागदावरच्या जातीपेक्षा त्याच्या प्रत्यक्ष आईबापांचे काम पाहून करावी, हेच या अभ्यासातून निघते.

दख्खनला मात्र हा संकर करण्याची गरज फारशी कधी पडलीच नाही. लातूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूरपासून थेट मुधोळपर्यंत कारवानी हा नजरेने शिकार करणारा कुत्रा पूर्वीपासून आहे. लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत गेलेले पोट आणि खांद्याशी सत्तर सेंटिमीटरच्या आसपास उंची, अशी त्याची चण. कान व शेपटीवर रेशमी केस असलेल्याला पश्मी म्हणतात. इराण-अरबस्तानाकडच्या सालुकीशी त्याचे दिसणे जुळते, आणि व्यापारी-सैनिकांबरोबर तो इकडे आला असे परंपरा सांगते. मुधोळच्या घोरपडे या मराठा संस्थानिकांनी त्याची जोपासना केली. राजे मालोजीराव घोरपडे यांनी इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज याला या कुत्र्यांची जोडी भेट दिल्यावर मुधोळ हाउंड हे नाव रूढ झाले. आजही केनेल क्लब ऑफ इंडिया त्याला कॅरॅव्हॅन हाउंड म्हणते आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड. टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांवर काढलेल्या चार तिकिटांपैकी एक याचे आहे. २०१६ मध्ये मुधोळची पिल्ले लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली. मुधोळजवळच्या तिम्मापूरला त्याच्या संशोधन-पैदाशीचे सरकारी केंद्रही आहे.

कारवानीचा वेग ग्रेहाउंडपेक्षा कमी पडतो, पण तो उन्हात आणि मुरमाड जमिनीवर जास्त वेळ टिकतो. पश्चिम महाराष्ट्रात गावोगावच्या शर्यतींसाठी ग्रेहाउंड आले आणि कारवानीत ग्रेहाउंडचे रक्त मिसळू लागले, ते नेमक्या या फरकापोटी. शर्यत काही सेकंदांची असते, तिथे संकर जिंकतो. माळावरची दौड मोजायला कोणी उभे नसते. परिणामी कारवानी म्हणून विकली जाणारी काही पिल्ले प्रत्यक्षात शर्यतीचा संकर असतात, आणि मूळ वाणाची शुद्ध पैदास तितकी आक्रसते. हा सौदा तोट्याचा आहे.

कॉलीच्या केसांचा प्रश्न पुणे जिल्ह्यात आणखी वेगळा. पावसाळा सरला की माळावरच्या गवताला कुसळे धरतात. ती लांब केसांत अडकतात, कानात आणि बोटांच्या बेचक्यांत घुसतात आणि पू होऊन कुत्रा लंगडतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकला की थंड डोंगराळ मुलखासाठी बनलेला दुहेरी केसांचा कोट अंगातली उष्णता कोंडून ठेवतो. स्कॉटलंडच्या ओल्या कुरणात जे वरदान, ते इंदापूर-बारामतीच्या माळावर ओझे.

आणि शिकारीचे काय? वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्य प्राण्याची शिकार हा गुन्हा आहे, आणि शिकारीच्या व्याख्येत सावजाचा पाठलाग करणे, त्याला हुसकावणे आणि तसा प्रयत्न करणेही येते. कुत्रा मागे सोडला आणि ससा निसटला, तरी गुन्हा घडतोच. पुण्याच्या वेताळ टेकडीवर सकाळी कुत्र्यांचे पट्टे सोडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. तिथे मोर आहेत, आणि मोर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैदेची शिक्षा आहे. बारामती तालुक्यात सुप्याजवळचे मयुरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये चिंकारांसाठी राखले गेले. त्याचे क्षेत्र पाच चौरस किलोमीटरांहून थोडेच अधिक. कुंपण नसलेल्या अशा तुकड्यात एक वेगवान कुत्राही पुरेसे नुकसान करतो. धोका फक्त दातांचा नाही. पुण्याजवळच्या गवताळ माळांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय पुराव्याने सिद्ध झाले आहे. मोकाट सोडलेला प्रत्येक कुत्रा लांडग्याच्या वाणात भेसळ करण्याची शक्यता घेऊन फिरतो. खुद्द इंग्लंडमध्ये २००४ च्या कायद्याने कुत्र्यांकरवी सशाचा पाठलाग बंद झाला आहे, तेव्हा ‘तिकडे चालते’ हेही खरे नाही.

एवढे असूनही असा कुत्रा पाळायचाच असेल, तर तो सोबती म्हणून, राखणीसाठी किंवा आवारात पळवण्यासाठी. व्यापारी पैदाशीसाठी परदेशी कुत्रे आणण्यावर केंद्राने २०१६ मध्ये निर्बंध घातले, त्यामुळे आयात वाणाच्या गप्पा मारणाऱ्या विक्रेत्याला कागद मागावेत. २०१७ च्या नियमांनुसार पैदासकाराची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. पुण्यात महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस आवश्यक आहे. पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहावी, शक्य तर बापही. परक्या माणसाकडे ती कशी बघतात, हाक मारल्यावर येतात का, पळाल्यावर लंगडतात का, हे पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत. कुंपण सहा फुटांहून कमी असेल तर हा कुत्रा आपला नव्हे. संकराच्या ओढीपेक्षा माहीतगाराकडचा, आईबाप ठाऊक असलेला कारवानी पुणेकराला जास्त सोयीचा, हे वरच्या सगळ्याचे व्यावहारिक उत्तर.

औषधांबाबत मात्र संकराला खास जपावे लागते. कॉली गटात एमडीआर-१ या जनुकात चार अक्षरांची गळती आढळते. २००१ मध्ये ती अमेरिकेत उघड झाली. या जनुकापासून बनणारे प्रथिन मेंदूत शिरू पाहणारी औषधे बाहेर ढकलते. ते निकामी झाले की आयव्हरमेक्टिनसारखे औषध मेंदूत साचते आणि कुत्रा झिंगतो, आंधळा होतो, बेशुद्ध पडतो, क्वचित दगावतो. रफ व स्मूथ कॉलीत सुमारे ७० टक्के कुत्र्यांकडे बिघडलेली निदान एक प्रत असते, बॉर्डर कॉलीत हे प्रमाण फार कमी. हृदयातल्या जंतांसाठी दिली जाणारी किलोमागे ६ मायक्रोग्रॅमची मात्रा चालते. खरूज घालवण्यासाठी दिली जाणारी ३०० ते ६०० मायक्रोग्रॅमची मात्रा जीवावर बेतते. आपल्याकडे गोचीड-खरजेवर हे औषध सर्रास दिले जाते, कधी तर गुरांसाठीची बाटली अंदाजाने टोचून.

ग्रेहाउंडच्या बाजूने आलेला वारसाही दवाखान्यात अडचण करतो. थायोपेंटोनसारखी भूल त्याच्या यकृतात फार सावकाश विघटित होते आणि कुत्रा तासन्‌तास शुद्धीवर येत नाही. तांबड्या पेशी जास्त, प्लेटलेट कमी, थायरॉइडचे प्रमाण कमी, असा त्याचा निरोगी अहवालही प्रयोगशाळेला आजाराचा वाटू शकतो. तेव्हा कुत्र्यात कॉलीचे वा ग्रेहाउंडचे रक्त असल्याची शंका जरी असली, तरी कोणतेही इंजेक्शन किंवा भूल देण्याआधी पशुवैद्यांना ते स्पष्ट सांगावे, आणि गुरांचे आयव्हरमेक्टिन घरच्या घरी कदापि टोचू नये.