बर्फात रोवलेला बांबू

महाडच्या बाजारपेठेत पुराची उंची कुणी मीटरमध्ये सांगत नाही. भिंतीवर हात टेकवून दाखवतात: पाच सालचं पाणी इथवर, एकवीसचं इथवर. महाबळेश्वरला उगवून पोलादपूरवरून खाली येणारी सावित्री आम्हाला रेघांनीच कळते. त्यामुळे संपादकांनी ‘ध्रुवीय वाळवंटातल्या संशोधनावर लिहा’ म्हटलं, तेव्हा उपग्रह-ड्रोनची तयारी करून गेलेला मी भलत्याच वस्तूपाशी अडकलो. ती वस्तू म्हणजे काठी.

हे काम पाहणारी संस्था आपल्याच किनाऱ्यावर आहे. राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, १९९८ पासून, वास्कोजवळ हेडलँड सडा इथं. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, हे कोकणात सांगायला नको. बाहेर घामाच्या धारा आणि आत उणे वीस अंशांत ठेवलेला अंटार्क्टिकाचा बर्फ! ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखालची पहिली भारतीय मोहीम गोव्याहूनच निघाली. तिसऱ्या मोहिमेत नागपूरला जन्मलेल्या डॉ. अदिती पंत होत्या. दक्षिण गंगोत्री हे पहिलं ठाणं बर्फावर बांधलं आणि बर्फातच गाडलं गेलं. दुसरं, मैत्री, शहाणपणानं खडकावर उभारलं. शिर्माकर नावाचा तो उघडा पट्टा जेमतेम पस्तीस चौरस किलोमीटरचा. पाऊस नाही, झाड नाही. शंभरावर तळी, थोडं शेवाळ आणि आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाची भावंडं. अंटार्क्टिकातल्याच मॅकमर्डोच्या अशाच कोरड्या दऱ्यांत अमेरिकनांनी १९९३ पासून दीर्घ अभ्यास मांडला आहे.

काठी भेटते ती हिमाचलमधल्या स्पितीच्या थंड वाळवंटात. चंद्रा नदीच्या खोऱ्यात, साडेतेरा हजार फुटांवर, केंद्राचं ‘हिमांश’ हे ठाणं २०१६ मध्ये सुरू झालं. जवळच्या सुत्री ढाका हिमनदीवर वाफेच्या यंत्रानं खोल भोक पाडतात आणि त्यात बांबू सोडतात. चक्क बांबू. लोखंडी सळई उन्हानं तापते आणि भोवतीचा बर्फ वितळवते, म्हणजे मोजणाराच चोर. बांबू हलका आणि उष्णतेच्या बाबतीत मख्ख. पुढच्या खेपेला तो किती उघडा पडला ते टेपनं मोजायचं. मीटरभर उघडा पडला, तर तिथून सुमारे नव्वद सेंटिमीटर पाणी खाली गेलं. हिमनदीच्या वरच्या अंगाला, जिथं बर्फ साठतो, तिथं खड्डा खणून बर्फ तोलायचा. बेरीज-वजाबाकी झाली की हिमनदीचा वर्षाचा जमाखर्च हाती येतो. इतकं साधं, की मला आधी खरंच वाटेना.

पण साधं ते तेवढंच. हिमनदी वाहते, म्हणून काठीही तिच्याबरोबर खाली सरकते. गेल्या वर्षीची जागा यंदा तिची नसते. वर दगडगोट्यांचा पातळ थर असला तर बर्फ जास्त भराभर वितळतो, जाड असला तर तोच थर गोधडी होतो. मग शेजारच्या दोन काठ्या दोन वेगळी उत्तरं देतात. हिवाळ्यात वाट बंद. अंटार्क्टिकात तर उन्हाळ्याचे मोजके महिनेच हाती. तिथं दक्षिण गंगोत्री नावाच्याच हिमनदीचं टोक मैत्रीजवळ १९८० च्या दशकापासून मोजतात. ते सरासरी वर्षाला मीटरभरही मागे सरत नाही. एका फेरीत काही दिसतच नाही. वीस-तीस वर्षं माणसं बदलत राहतात आणि मोजणी तीच ठेवावी लागते. सरकारी प्रकल्पाची मुदत मात्र चार-पाच वर्षांची. मला जास्त धास्ती या दोन घड्याळांची वाटते. मध्ये एक वर्ष सुटलं, तर त्या उन्हाळ्याचा आकडा मागाहून भरून काढता येत नाही.

त्यातही मेख अशी, की सगळ्यात कडक उन्हाळ्यात काठीच दगा देते. बर्फ इतका वितळतो, की रोवलेला भाग संपतो आणि काठी आडवी होते. मोठ्या पुरात मोजपट्टीच बुडावी, तसं. काठी रोवली होती तितका बर्फ गेला हे नक्की, वर आणखी किती गेला हे कोण सांगणार? त्या वर्षीच्या रकान्यात आकड्याच्या आधी ‘किमान’ लिहावं लागतं.