विनोदाची साक्ष

पेण तालुक्यातील हमरापूर आणि आसपासच्या गावांत गणेशमूर्ती साच्यातून निघतात. परंतु डोळ्यांची आखणी साच्याने होत नाही. तेथे कसबी हातच लागतो. रंगमंचावरील विनोदाचेही तसेच आहे. संहिता हा साचा. ऐनवेळी टाकलेले वाक्य, मध्येच घेतलेला विराम, चेहऱ्यावरचा खोटा भाबडेपणा ही आखणी. ती कागदावर उतरत नाही, आणि म्हणूनच वादग्रस्त विनोदकाराच्या आयुष्यावर नाटक रचणे हे जोखमीचे काम ठरते.

अमेरिकेत ज्युलियन बॅरी यांनी १९७१ साली ‘लेनी’ या नाटकाद्वारे ही जोखीम पत्करली. लेनी ब्रूस हा मंचावर एकटा उभा राहून धर्म, लैंगिकता, वंशद्वेष अशा विषयांवर बेधडक बोलणारा विनोदकार. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. कार्यक्रमाला बसून टिपणे घेतलेल्या सरकारी निरीक्षकाने त्याचे विनोद न्यायालयात सांगितले. या गृहस्थाच्या रटाळ प्रयोगाबद्दल शिक्षा मात्र आपल्याला होणार, अशी ब्रूसची तक्रार होती. शिक्षा झाली, ती भोगण्यापूर्वीच १९६६ मध्ये तो वारला. माफी मिळाली ती २००३ मध्ये! नाटकाने एवढे केले की, निरीक्षकाच्या मुखी गेलेले विनोद पुन्हा नटाच्या मुखी दिले आणि निवाडा प्रेक्षकांच्या हसण्यावर सोपविला.

मराठीत असे नाटक लिहायचे तर दादा कोंडके यांच्याहून समर्पक विषय शोधूनही सापडणार नाही. मुंबईच्या नायगावचा, सेवादलाच्या कलापथकात घडलेला हा नट वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये ताज्या राजकारणावर आयत्या वेळी टोले हाणीत असे. पुढे ‘सोंगाड्या’पासून (१९७१) चित्रपटगृहे भरू लागली, आणि द्व्यर्थी संवादांवरून सुशिक्षितांची नाकेही मुरडू लागली.

भीती एवढीच वाटते की, नाटककार भक्त निघेल. मग रौप्यमहोत्सवांची मोजदाद होईल, गरिबीचे अश्रू येतील आणि ती द्व्यर्थी वाक्ये तेवढी गाळली जातील. वास्तविक तीच आधी हवीत. त्यांतील कित्येकांत चेष्टेचा विषय स्त्री होती, हेही झाकता कामा नये. प्रेक्षकाने प्रथम खदखदून हसावे आणि मग शेजारच्या खुर्चीकडे चोरून पाहावे. तो संकोच वाट्याला आला नाही, तर हाती उरेल तो निव्वळ गौरवसमारंभ.

शिवाय महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगापूर्वी परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. मंडळ वाचणार तो साचा. आता दादांचे आयत्या वेळचे वाक्य कोणत्या पानावर, किती दिवस आधी लिहून द्यायचे, हे त्या नाटककाराला ठरवावे लागेल.