मांडीचें हाड

हाड म्हटलें कीं, वैद्यकीय महाविद्यालयाच्या कपाटांत टांगलेला पांढरा सांपळा बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. पण तें मेलेलें हाड. जिवंत हाडांत रक्त खेळत असतें, आणि तें जन्मभर झिजत व भरून निघत असतें.

नवजात अर्भकांत हाडांचे व कूर्चांचे मिळून सुमारें ३०० तुकडे असतात. वयाबरोबर कित्येक एकमेकांस सांधून प्रौढपणीं २०६ हाडें उरतात. सुश्रुतानें ३०० अस्थि सांगितल्या याचें पुष्कळांस हसूं येतें. परंतु त्यानें दांत व कूर्चा हींही अस्थींतच मोजलीं होतीं, हें हंसणारांस ठाऊक नसतें.

हाडाचें द्रव्य दुहेरी आहे. कोंबडीचें हाड कांहीं दिवस शिरक्यांत बुडविलें, तर त्यांतील चुन्याचे क्षार विरघळून तें रबरासारखें वांकतें. तेंच विस्तवांत भाजलें, तर तंतू जळून जातात. आकार राहतो, पण बोटांत धरतांच चुरा होतो. स्मशानांतून वेंचलेल्या अस्थि ठिसूळ असतात त्या यामुळेंच.

सर्वांत लांब हाड मांडीचें. मनुष्याच्या उंचीच्या सुमारें चतुर्थांश. त्याचें चेंडूसारखें डोकें कमरेच्या हाडांतील वाटींत बसतें. मात्र डोकें व दांडा यांमध्यें एक तिरपी मान असते, आणि शरीराचा भार तिच्यावर आडवा पडतो. उतारवयांत, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांत, झीज अधिक व भर कमी होते. मग न्हाणीघरांत पाय घसरण्याचें निमित्त पुरतें.

पाय आंखूड दिसूं लागला व पाऊल बाहेर वळलें, तर मान मोडली असें बहुधा समजावें. परंतु कधीं कधीं मोडलेलीं टोकें एकमेकांत रुतून बसतात आणि आजी चार पावलें चालूनही दाखवितात. घरचीं माणसें म्हणतात, लचकलें असेल. तेल चोळतात, हाडवैद्यास बोलावितात. डोक्यास रक्त पोंचविणाऱ्या बहुतेक धमन्या या मानेवरूनच वर चढतात. त्या तुटल्या, तर डोकें मरूं लागतें. म्हणून चोळणें वर्ज्य; क्ष-किरणांनीं तपासणी त्याच दिवशीं, व जरूर पडल्यास शस्त्रक्रिया एकदोन दिवसांत व्हावी.

पूर्वीं अशा रोग्यांस महिनोन्महिने निजवून ठेवीत; फुप्फुसाचा दाह व पाठीचीं क्षतें यांनींच कित्येक दगावत. आतां शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशींच बहुधा आजींना धरून उभें करतात, आणि घरचीं माणसें मात्र डॉक्टरांशीं हुज्जत घालीत बसतात.