जलनेतीचे पाणी : 'शुद्ध' आणि 'निर्जंतुक' यांतील अंतर

भोसरीच्या कारखान्यांत किंवा चाकणच्या रहदारीत दिवस घालविलेल्या माणसास सायंकाळी नाकात साचलेली धूळ जाणवते. मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुण्याची क्रिया, म्हणजे जलनेती, हा त्यावरील परिचित उपाय होय. जवळच लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांच्या शास्त्रीय अभ्यासास आरंभ केला. या क्रियेविषयी बोलताना मात्र काही शब्द जपून वापरावे लागतात. कारण येथे अर्थाच्या घोटाळ्यातून जिवास अपाय होऊ शकतो.

प्रथम 'नेती' हाच शब्द घेऊ. त्याचा 'न इति' या उपनिषदांतील वचनाशी संबंध नाही. संस्कृत 'नेत्र' शब्दाचा एक अर्थ रवीचा दोर असा असून हिंदीत 'नेती' म्हणजे तोच दोर. 'हठप्रदीपिके'तील नेती ही सुताचीच आहे. सूत नाकातून घालून तोंडावाटे काढावयाचे. नाकाने पाणी घेऊन तोंडाने सोडण्याची क्रिया 'घेरंडसंहिते'त 'व्युत्क्रम' या नावाने, कपालभातीच्या प्रकारांत येते. पुढे 'नेती'चा अर्थ विस्तारला आणि नाकाची पाण्याने केलेली शुद्धीही त्यात सामावली.

मीठ घालण्याचे कारण सरळ आहे. शरीरातील द्रवांशी मिळतेजुळते क्षाराचे प्रमाण शेकडा ०.९ असते. साधे पाणी नाकात गेल्यास ते अंतस्त्वचेच्या पेशींत शिरते, पेशी फुगतात व झोंबते. योग्य प्रमाणाचे खारे पाणी झोंबत नाही. ते शेंबूड पातळ करते आणि धूळ बाहेर ढकलणाऱ्या सूक्ष्म रोमांच्या कामास साह्य करते.

खरा धोका 'शुद्ध पाणी' या शब्दांत आहे. पवनेचे पाणी प्रक्रिया होऊन नळास येते तेव्हा ते पिण्याच्या दृष्टीने शुद्ध असते, निर्जंतुक नव्हे. पोटातील आम्ल पुष्कळ जंतू मारते. नाकात असे संरक्षण नाही. कोमट गोड्या पाण्यात आढळणारा 'नेग्लेरिया फाउलेरी' हा अमीबा पोटात गेल्यास रोग करीत नाही. परंतु नाकात गेल्यास गंधाच्या मज्जातंतूच्या वाटेने मेंदूपर्यंत पोचतो. हा रोग दुर्मिळ, पण बहुधा प्राणघातक आहे. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ साली नळाच्या पाण्याने नेती करणाऱ्या दोघांचा त्याने मृत्यू झाला.

पिंपरीस हा भेद अपरिचित नसावा. तेथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली व पुढे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पिण्याचे पाणी आणि टोचावयाच्या औषधाचे पाणी ही औषधनिर्मितीत दोन निराळी द्रव्ये मानावी लागतात. नेतीचे पाणी पहिल्यापेक्षा दुसऱ्याच्या अधिक जवळचे असले पाहिजे. घरगुती शुद्धीकरण यंत्रातून किंवा विकतच्या बाटलीतून आलेले पाणीही तेवढ्याने निर्जंतुक ठरत नाही.

म्हणून पाणी खळखळून उकळू लागल्यावर निदान एक मिनिट तसेच उकळू द्यावे व झाकून कोमट होऊ द्यावे. अर्धा लिटर पाण्यास साडेचार ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचा सुमारे पाऊण सपाट चहाचा चमचा पुरे. तोटीचे भांडे स्वच्छ व कोरडे असावे. मोरीवर किंवा बेसिनवर वाकून मान एका बाजूस कलती करावी, तोंडाने श्वास घ्यावा व वरच्या नाकपुडीत हळूहळू धार सोडावी. पाणी खालच्या नाकपुडीतून बाहेर येते. मग बाजू बदलावी. शेवटी दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलकेच शिंकरावे. जोराने शिंकरल्यास पाणी कानाकडे जाण्याचा संभव असतो. उरलेले पाणी टाकून द्यावे व भांडे धुऊन वाळवावे.

कान दुखत असल्यास, नाकातून रक्त येत असल्यास, नाक पूर्णपणे बंद असल्यास किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असल्यास वैद्यकीय सल्ल्यावाचून ही क्रिया करू नये. तसेच फुप्फुसात गेलेली धूळ नाक धुतल्याने निघत नाही. कारखान्यातील मुखपट्टीची जागा जलनेती घेऊ शकत नाही.

'शुद्ध' हे विशेषण नेहमी कशासाठी तरी शुद्ध अशाच अर्थाने घ्यावे लागते. पिण्यासाठी, स्नानासाठी की नाकासाठी, हा प्रश्न भांडे भरण्यापूर्वीच विचारावयास हवा.